क्रॅब स्पंदकाच्या क्ष-किरण स्पंदनांचा शोध : एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा : वृषभ राशीतील क्रॅब अभ्रिकेच्या केंद्रस्थानी असलेल्या स्पंदकाकडून क्ष-किरणांची स्पंदने येतात, हे मार्च १९६९ मध्ये अग्निबाणावरील उपकरणांच्या साहाय्याने सिद्ध झाले. त्यानंतर अल्पावधीतच असे उघडकीस आले, की हीच स्पंदने जून १९६७ मधील एका बलून-प्रयोगाच्या चुंबकीय फितीवर आधीच नोंदली गेली होती. त्या वेळी ‘स्पंदक’ ही संकल्पनाच अस्तित्वात नव्हती, त्यामुळे ती कोणाच्या लक्षात आली नाही. प्रस्तुत लेखात या शोधाची पार्श्वभूमी, त्यातील टप्पे, वापरलेली पद्धती आणि भारतीय संशोधनाशी असलेला त्याचा संबंध यांचा आढावा घेतला आहे. ‘शोध’ म्हणजे नेमके काय आणि मूळ नोंदी जपण्याचे महत्त्व काय, या प्रश्नांची चर्चाही त्या अनुषंगाने केली आहे.

बीजशब्द : स्पंदक, न्यूट्रॉन तारा, क्ष-किरण खगोलशास्त्र, क्रॅब अभ्रिका, विज्ञानाचा इतिहास, मूळ नोंदी.

१. प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासकाला एक अनुभव नेहमी येतो. दप्तरातील कागद वर्षानुवर्षे त्याच रुमालात बांधलेला असतो. तो अनेकांच्या हातांखालून गेलेला असतो, त्याची नोंदही झालेली असते. परंतु एखादा अभ्यासक नवा प्रश्न घेऊन येईपर्यंत तो कागद मूकच राहतो. साधन उपलब्ध असणे आणि साधन बोलते होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे पेशवे दप्तरात काम केलेल्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही.

निसर्गविज्ञानांच्या बाबतीत मात्र असे घडत नाही, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. निसर्ग समोरच आहे, योग्य उपकरण तयार झाले की शोध लागतो, आणि ज्याने प्रथम पाहिले तो शोधक ठरतो, असे चित्र पाठ्यपुस्तकांतून रंगवले जाते. या समजुतीची तपासणी करण्यासाठी क्रॅब स्पंदकाच्या क्ष-किरण स्पंदनांचा शोध हे उदाहरण अत्यंत उपयुक्त आहे. या शोधात प्रथम पाहणारे, प्रथम ओळखणारे आणि प्रथम भाकीत करणारे हे तीन वेगवेगळे गट आहेत. त्यांच्यापैकी कोणाचेही श्रेय दुसऱ्यास देता येत नाही.

२. उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) क्रॅब अभ्रिकेच्या क्ष-किरण निरीक्षणांचा १९६४ ते १९७१ या कालखंडातील विकास कालानुक्रमे मांडणे, (आ) स्पंदने ओळखण्याची पद्धती विज्ञानेतर शाखांतील प्राध्यापकांनाही समजेल अशा रीतीने स्पष्ट करणे, (इ) जुन्या नोंदींतून मिळालेल्या पुराव्याचे ऐतिहासिक मूल्यमापन करणे. लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. जेथे आकडेमोड दिली आहे, तेथे ती प्रसिद्ध झालेल्या मूल्यांवर आधारलेली असून वाचकास स्वतः पडताळून पाहता येईल इतकी सोपी ठेवली आहे.

३. पार्श्वभूमी : अतिथी ताऱ्यापासून न्यूट्रॉन ताऱ्यापर्यंत

४ जुलै १०५४ रोजी चिनी ज्योतिर्विदांनी वृषभ राशीतील झीटा टॉरी या ताऱ्याजवळ एक ‘अतिथी तारा’ पाहिल्याची नोंद केली. तो २३ दिवस भर दिवसाही दिसत होता आणि रात्रीच्या आकाशात जवळजवळ दोन वर्षे टिकला. १७३१ मध्ये इंग्लंडमधील जॉन बेव्हिस यांना याच जागी एक अंधूक अभ्रिका दिसली. पुढे १७५८ मध्ये शार्ल मेस्ये यांनी ती पाहिली आणि आपल्या सुप्रसिद्ध यादीत तिला पहिला क्रमांक दिला. ‘क्रॅब’ म्हणजे खेकडा, हे नाव एकोणिसाव्या शतकात लॉर्ड रॉस यांनी काढलेल्या आकृतीवरून रूढ झाले.

ही अभ्रिका प्रसरण पावत आहे, असे १९२१ मध्ये छायाचित्रांच्या तुलनेवरून लक्षात आले. प्रसरणाचा वेग उलट दिशेने मोजला असता आरंभ सुमारे नऊ शतकांपूर्वी येतो, यावरून एडविन हबल यांनी १९२८ मध्ये तिचा संबंध १०५४ च्या ताऱ्याशी जोडला. अशा रीतीने दरबारी नोंदवहीतील एक ओळ भौतिकशास्त्राचा पुरावा ठरली. १९३४ मध्ये वॉल्टर बाडे व फ्रिट्झ झ्विकी यांनी असे सुचवले, की अतिदीप्त नवताऱ्याच्या स्फोटात सामान्य ताऱ्याचे रूपांतर न्यूट्रॉनांनी बनलेल्या अतिघन ताऱ्यात होत असावे. १९४२ मध्ये बाडे आणि रुडॉल्फ मिन्कोव्स्की यांनी क्रॅबच्या मध्यभागी असलेल्या दोन ताऱ्यांपैकी नैर्ऋत्येकडील तारा हाच स्फोटाचा अवशेष असावा, असे प्रतिपादन केले. त्याच्या वर्णपटात नेहमीच्या रेषा दिसत नव्हत्या, हा त्यांचा एक आधार होता. हा तारा पुढे सत्तावीस वर्षे सर्वांच्या छायाचित्रांत होता. तो सेकंदाला तीस वेळा लुकलुकतो, हे मात्र कोणाच्याही ध्यानात आले नाही, कारण दीर्घकाळ उघड्या ठेवलेल्या छायाचित्रणाच्या काचेवर लुकलुकणारा आणि स्थिर तारा सारखेच दिसतात.

१९५३ मध्ये योसिफ श्क्लोव्स्की यांनी अभ्रिकेचा निळसर प्रकाश हा चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या अतिवेगवान इलेक्ट्रॉनांचा, म्हणजे सिंक्रोट्रॉन प्रकारचा असल्याचे मांडले. पुढच्याच वर्षी त्या प्रकाशाचे ध्रुवण सापडल्याने या मताला पुष्टी मिळाली. तथापि एक नवी अडचण उभी राहिली. असे इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा लवकर गमावतात. मग नऊशे वर्षांनंतरही त्यांना ऊर्जा कोण पुरवत आहे? हा प्रश्न पुढील पंधरा वर्षे अनुत्तरित होता.

४. क्ष-किरणांचे आकाश आणि १९६४ चे चंद्रपिधान

पृथ्वीचे वातावरण क्ष-किरण शोषून घेते. त्यामुळे उपकरणे वातावरणाबाहेर नेल्याशिवाय क्ष-किरण खगोलशास्त्र शक्य नव्हते. जून १९६२ मध्ये रिकार्दो जाकोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथून सोडलेल्या अग्निबाणाने वृश्चिक राशीतील पहिला सूर्यमालेबाहेरील क्ष-किरण स्रोत शोधला. १९६३ मध्ये अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतील हर्बर्ट फ्रीडमन यांच्या गटाने क्रॅब अभ्रिकाही क्ष-किरण स्रोत असल्याचे दाखवले.

हा स्रोत म्हणजे तप्त न्यूट्रॉन तारा असेल काय, असा प्रश्न लगेच पुढे आला. न्यूट्रॉन ताऱ्याचा व्यास वीस-पंचवीस किलोमीटर असल्याने तो बिंदुवत दिसावयास हवा. परंतु तत्कालीन उपकरणांना बिंदू आणि विस्तृत स्रोत यांतील फरक ओळखता येत नव्हता. येथे निसर्गानेच एक साधन पुरवले. ७ जुलै १९६४ रोजी चंद्र क्रॅब अभ्रिकेवरून जाणार होता. स्रोत बिंदुवत असेल तर चंद्राच्या कडेआड जाताच क्ष-किरण एकदम थांबतील. विस्तृत असेल तर ते हळूहळू कमी होतील. अशा पिधानांची मालिका सुमारे नऊ वर्षांनी येते आणि अग्निबाण वातावरणाबाहेर जेमतेम पाच मिनिटे राहतो. तरीही स्टुअर्ट बोयर, एडवर्ड बायरम, टॅल्बट चब व फ्रीडमन यांनी तो नेमका साधला.

क्ष-किरण हळूहळू कमी झाले. स्रोताचा विस्तार सुमारे एक प्रकाशवर्ष इतका निघाला आणि न्यूट्रॉन ताऱ्याची कल्पना मागे पडली.

या निष्कर्षाकडे आज पाहताना थोडे थांबणे आवश्यक आहे. मोजमाप अचूक होते. क्रॅबच्या क्ष-किरणांचा फार मोठा भाग खरोखरच विस्तृत अभ्रिकेतून येतो. पुढे सिद्ध झाल्याप्रमाणे त्या ऊर्जापट्ट्यात स्पंदकाचा वाटा केवळ पाच टक्क्यांच्या आसपास आहे. मोजणीतील स्वाभाविक चढ-उतारांत इतकी अल्प घट वेगळी ओळखू येणे कठीणच होते. म्हणजे ‘मुख्य स्रोत न्यूट्रॉन तारा नाही’ हे विधान पुराव्यास धरून होते. ‘तेथे न्यूट्रॉन तारा नाही’ असा त्याचा अर्थ लावणे मात्र पुराव्याच्या पलीकडे जाणारे होते. पुराव्याचा अभाव आणि अभावाचा पुरावा यांतील भेद इतिहासलेखनाइतकाच येथेही निर्णायक ठरला.

५. स्पंदकांचा उदय

१९६७ च्या उन्हाळ्यात केंब्रिज येथे जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला रेडिओ दुर्बिणीच्या कागदी आलेखावर एक बारीकशी अनियमित खूण आढळली. तिने ती दुर्लक्षित न करता तिचा पाठपुरावा केला. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी वेगाने फिरणाऱ्या आलेखपट्टीवर १.३३७ सेकंदांच्या अंतराने येणारी स्पंदने स्पष्ट दिसली. फेब्रुवारी १९६८ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. १९७४ च्या नोबेल पारितोषिकात मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांचा समावेश होता, बेल यांचा नव्हता. २०१८ मध्ये त्यांना तीस लक्ष डॉलर्सचा विशेष ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी ती संपूर्ण रक्कम भौतिकशास्त्रातील उपेक्षित गटांतील संशोधक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी दिली.

याच सुमारास, बेल यांचा शोध जाहीर होण्यापूर्वी, फ्रँको पाचिनी यांचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला होता. वेगाने फिरणारा आणि तीव्र चुंबकीय क्षेत्र असलेला न्यूट्रॉन तारा क्रॅब अभ्रिकेला ऊर्जा पुरवू शकेल, असे त्यात मांडले होते. १९६८ मध्ये थॉमस गोल्ड यांनी स्पंदक म्हणजे फिरणारे न्यूट्रॉन तारेच होत, असे प्रतिपादन केले. फिरताना त्यांची गती हळूहळू मंदावली पाहिजे, अशी कसोटीही त्यांनी पुढे ठेवली.

१९६८ च्या अखेरीस डेव्हिड स्टेलिन व एडवर्ड रायफेनस्टाइन यांना ग्रीन बँक येथे क्रॅबच्या दिशेने तुरळक रेडिओ स्पंदने आढळली. अरेसिबो येथील दुर्बिणीने त्यांचा आवर्तकाल अवघा ३३ मिलिसेकंद असल्याचे दाखवले. इतक्या वेगाने फिरणारा श्वेत बटू तारा विखरूनच जाईल. त्यामुळे न्यूट्रॉन ताऱ्याखेरीज पर्याय उरला नाही. पाठोपाठ हा आवर्तकाल दररोज सुमारे ३६ नॅनोसेकंदांनी वाढत असल्याचे दिसून आले. गोल्ड यांची कसोटी उतरली. गती मंदावताना बाहेर पडणारी ऊर्जा सूर्याच्या तेजस्वितेच्या लाखपटीहून अधिक येते. अभ्रिकेला प्रकाशित ठेवण्यासाठी नेमकी तेवढीच ऊर्जा लागते. श्क्लोव्स्कींपासून अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर अशा प्रकारे मिळाले. जानेवारी १९६९ मध्ये जॉन कॉक, मायकेल डिस्ने व डोनाल्ड टेलर यांनी ॲरिझोनातील ३६ इंची दुर्बिणीने दृश्य प्रकाशातील स्पंदने शोधली, आणि स्पंदणारा तारा मिन्कोव्स्कींनी दाखवलेलाच निघाला.

६. मार्च-एप्रिल १९६९ : क्ष-किरण स्पंदनांचा शोध

आता क्ष-किरणांचा प्रश्न पुन्हा उघडला गेला. १३ मार्च १९६९ रोजी नौदल संशोधन प्रयोगशाळेतील गिल्बर्ट फ्रिट्झ, रिचर्ड हेन्री, जॉन मीकिन्स, टॅल्बट चब व हर्बर्ट फ्रीडमन यांनी अग्निबाणाद्वारे क्रॅबचे निरीक्षण केले. क्ष-किरणांतही रेडिओ व दृश्य स्पंदनांच्याच आवर्तकालाची स्पंदने मिळाली. स्पंदित भाग अभ्रिकेच्या एकूण क्ष-किरण शक्तीच्या सुमारे पाच टक्के होता. १९६४ मध्ये न्यूट्रॉन ताऱ्याविरुद्ध कौल देणाऱ्या गटातील दोन नावे, चब आणि फ्रीडमन, या शोधनिबंधावरही आहेत, ही बाब वैज्ञानिक प्रामाणिकपणाच्या दृष्टीने नोंद घेण्याजोगी आहे. २६ एप्रिल १९६९ रोजी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या हेल ब्रॅड्ट, सॉल रॅपापोर्ट आदींनी दुसऱ्या अग्निबाणाने या निष्कर्षाला दुजोरा दिला. क्ष-किरण आणि दृश्य प्रकाश यांतील स्पंदने जवळजवळ एकाच क्षणी येतात, हे त्यांनी दुर्बिणींच्या निरीक्षणांशी ताडून दाखवले.

येथे पद्धतीविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. क्ष-किरणांचे कण विरळ असतात. एका आवर्तनात इतके थोडे कण उपकरणात येतात, की त्यांवरून स्पंदनाचा आकार कळत नाही. म्हणून प्रत्येक कणाची आगमनवेळ नोंदवून ठेवतात आणि नंतर ३३ मिलिसेकंदांच्या असंख्य तुकड्यांची एकावर एक घडी घालतात. एखाद्या लांब कापडावर ठरावीक अंतराने फिकट ठिपका असावा, एकेकटा ठिपका डोळ्यांना दिसू नये, परंतु नेमक्या त्याच अंतरावर घड्या घातल्या की सर्व ठिपके एकावर एक येऊन गडद व्हावेत, तसा हा प्रकार आहे. पाच मिनिटांच्या उड्डाणात सुमारे नऊ हजार आवर्तने होतात. त्यांच्या घडीतून एका आवर्तनातील दोन शिखरे, एक मुख्य आणि दुसरे गौण, दिसू लागतात.

घडीचे अंतर किंचित जरी चुकले तरी ठिपके एकमेकांवर येत नाहीत. पृथ्वी सूर्याभोवती फिरते. त्यामुळे भासमान आवर्तकालात दहा हजारांत एक भागापर्यंत फरक पडतो. ३३ मिलिसेकंदांत हा फरक जास्तीत जास्त ३.३ मायक्रोसेकंद होय. तो दुर्लक्षिला तर दहा हजार आवर्तनांत, म्हणजे साडेपाच मिनिटांत, संपूर्ण चित्र पुसले जाते. यास्तव सर्व वेळा सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याशी जुळवून घ्याव्या लागतात. या गणिताअभावी उत्तम उपकरणही निरुपयोगी ठरते.

७. जून १९६७ ची फीत

या इतिहासातील सर्वांत उद्बोधक प्रकरण यानंतरचे आहे. टेक्सासमधील राइस विद्यापीठात रॉबर्ट हेम्स यांच्या मार्गदर्शनाखाली बलूनद्वारे उच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांची निरीक्षणे चालत असत. अशा एका बलूनने जून १९६७ मध्ये क्रॅब अभ्रिकेचे निरीक्षण केले होते. उद्देश एवढाच होता, की अभ्रिकेच्या क्ष-किरणांचा वर्णपट उच्च ऊर्जेपर्यंत कसा जातो हे पाहावे. तो उद्देश सफल झाला आणि निष्कर्षही प्रसिद्ध झाले. रूढ अर्थाने त्या प्रयोगाचे काम संपले होते.

१९६९ मध्ये स्पंदकाचा आवर्तकाल ज्ञात झाल्यावर जेराल्ड फिशमन, फ्रँक हार्नडन व हेम्स यांनी त्या जुन्या नोंदींचे पुन्हा विश्लेषण केले. फिशमन तेव्हा तेथेच पीएच.डी. पूर्ण करीत होते. आगमनवेळांची घडी घालताच स्पंदने प्रकट झाली. याचा अर्थ असा, की अग्निबाणाने शोध लागण्यापूर्वी एकवीस महिने, इतकेच नव्हे तर केंब्रिज येथील आलेखावरील पहिली खूण लक्षात येण्यापूर्वीही, क्रॅब स्पंदकाची क्ष-किरण स्पंदने मानवनिर्मित नोंदीत उतरलेली होती.

हे काम सहजसाध्य होते असे समजू नये. जून १९६७ ते नोव्हेंबर १९६८ या सुमारे ५३० दिवसांत स्पंदकाचा आवर्तकाल ५३० × ३६, म्हणजे सुमारे १९ मायक्रोसेकंदांनी वाढला होता. १९६८ मध्ये मोजलेला आवर्तकाल जसाच्या तसा १९६७ च्या नोंदींना लावला असता, तर सुमारे १७४० आवर्तनांत घडी पूर्ण एका आवर्तनाने सरकली असती. हा काळ एक मिनिटाहूनही कमी आहे. अर्थात, स्पंदक मंदावत आहे हे ज्ञान हाती आले, म्हणून जुन्या फितीवर कोणते अंतर शोधावयाचे ते कळले. उलट पक्षी, अपेक्षित अंतरालाच जुन्या फितीत स्पंदने मिळाली, यावरून स्पंदक १९६७ मध्येही त्याच दराने मंदावत होता, या अनुमानाला आधार मिळाला. नव्या ज्ञानाने जुन्या साधनास अर्थ दिला आणि जुन्या साधनाने नव्या ज्ञानाला कालिक खोली दिली.

यात तीन अटी पूर्ण झालेल्या दिसतात. पहिली, मूळ उपकरणात पुरेशी कालसूक्ष्मता होती, जी वर्णपटाच्या तात्कालिक उद्देशासाठी अपरिहार्य नव्हती. दुसरी, नोंदी केवळ सरासरीच्या तक्त्यांत नव्हे, तर मूळ स्वरूपात जपल्या गेल्या होत्या. तिसरी, त्या नोंदींकडे परत जाण्याची इच्छा असलेली माणसे त्याच प्रयोगशाळेत होती. यांपैकी एकही अट अपुरी राहिली असती, तर तो पुरावा कायमचा नष्ट झाला असता.

मग शोधाचे श्रेय कोणाचे? प्रस्तुत लेखकाच्या मते ते मार्च १९६९ च्या गटाकडेच राहिले पाहिजे, कारण नोंद होणे म्हणजे शोध नव्हे. नोंदीचा अर्थ ओळखला जाणे म्हणजे शोध. खुद्द राइस विद्यापीठाच्या गटानेही आपल्या निबंधाच्या शीर्षकातच ही निरीक्षणे १९६७ च्या नोंदींतील असल्याचे स्पष्ट सांगितले. परंतु त्यांचे कार्य ‘हुकलेली संधी’ म्हणून गणणेही अन्यायाचे ठरेल. जी संकल्पनाच अस्तित्वात नाही, तिचा शोध हुकला असे म्हणता येत नाही. पुढे १९९१ मध्ये अवकाशात गेलेल्या कॉम्प्टन वेधशाळेवरील गॅमा-किरण स्फोटांच्या उपकरणाचे नेतृत्व फिशमन यांनी केले. त्या उपकरणाचे यशही कणांच्या आगमनवेळा सूक्ष्मतेने टिपण्यावरच अवलंबून होते.

८. उहुरू आणि दुसऱ्या जातीचे स्पंदक

१२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळील सान मार्को तळावरून पहिला क्ष-किरण उपग्रह सोडण्यात आला. तो केनियाचा स्वातंत्र्यदिन असल्याने उपग्रहास ‘उहुरू’, म्हणजे स्वाहिली भाषेत ‘स्वातंत्र्य’, असे नाव मिळाले. १९७१ मध्ये या उपग्रहाने नरतुरंग तारकासमूहातील एका स्रोताकडून सुमारे ४.८ सेकंदांची क्ष-किरण स्पंदने नोंदवली. हा स्रोत सुमारे २.१ दिवसांत एका महाकाय ताऱ्याभोवती फिरतो आणि त्या ताऱ्याआड जाऊन ग्रहणही दाखवतो, असे लवकरच सिद्ध झाले. क्रॅब स्पंदक स्वतःच्या परिवलनाची ऊर्जा खर्च करून प्रकाशतो. हा दुसरा स्पंदक मात्र सोबतच्या ताऱ्याकडून येणारे द्रव्य गिळून प्रकाशतो आणि त्या ओघात त्याची गती वाढतही जाते. एकाच प्रकारच्या स्पंदनांमागे दोन अगदी वेगळी कारणे असू शकतात, हे यातून स्पष्ट झाले. जाकोनी यांना २००२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

९. भारतीय संशोधनाशी असलेला संबंध

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हैदराबाद येथून बलूनद्वारे क्ष-किरण स्रोतांची निरीक्षणे केली. चंद्रपिधानाचे तंत्र रेडिओ तरंगांसाठी वापरता यावे, या हेतूने गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उटी येथील दुर्बीण १९७० मध्ये उभी राहिली. स्वरूप यांनीच पुढे पुणे जिल्ह्यातील खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण साकारली आणि तिच्यामुळे स्पंदकांच्या अभ्यासाला महाराष्ट्रात स्थायी केंद्र लाभले. मार्च १९९६ मध्ये आय.आर.एस.-पी३ उपग्रहावर भारतीय क्ष-किरण उपकरणे पाठवण्यात आली.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून ‘ॲस्ट्रोसॅट’ ही भारताची पहिली बहुतरंगी अवकाश वेधशाळा प्रक्षेपित झाली. तिच्यावरील मोठ्या क्षेत्रफळाचे क्ष-किरण गणित्र टाटा संस्थेत घडवले गेले. कॅडमियम-झिंक-टेल्युराइड उपकरणाच्या निर्मितीत मुंबई, पुणे, अहमदाबाद येथील संस्थांचा सहभाग होता. या उपकरणाच्या साहाय्याने भारतीय संशोधकांनी २०१७ मध्ये क्रॅब स्पंदकाच्या उच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांचे ध्रुवण आवर्तनाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर मोजून प्रसिद्ध केले. स्पंदन दिसत नाही अशा मधल्या काळातच ध्रुवणात लक्षणीय बदल आढळला. प्रचलित सिद्धान्तांना हे अपेक्षित नव्हते. १ जानेवारी २०२४ रोजी प्रक्षेपित झालेला ‘एक्स्पोसॅट’ हा उपग्रह खास क्ष-किरणांच्या ध्रुवणाच्या अभ्यासासाठीच योजला गेला.

ॲस्ट्रोसॅटच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर सर्व अभ्यासकांसाठी खुल्या केल्या जातात. प्रत्येक कणाची आगमनवेळ त्यांत असते. म्हणजे १९६७ च्या फितीची जी अवस्था होती, तीच आज हजारो निरीक्षणांची आहे. त्यांतील ज्ञात प्रश्नांची उत्तरे काढून झाली आहेत. अद्याप न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांत असू शकतात. ती शोधण्यासाठी अग्निबाण लागत नाही. संगणक, इंटरनेट आणि चिकाटी पुरते. ग्रामीण भागातील महाविद्यालयांतील प्राध्यापक व विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या बाबीचे महत्त्व मोठे आहे.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात :

१) १९६४ च्या पिधान-प्रयोगाचे मोजमाप अचूक होते. न्यूट्रॉन ताऱ्याची कल्पना मागे पडली, ती त्या मोजमापाचा अर्थ त्याच्या मर्यादेपलीकडे ताणल्यामुळे. तीच कल्पना पाच वर्षांनी त्याच प्रयोगशाळेने प्रस्थापित केली.

२) क्ष-किरण स्पंदनांचा शोध हा एका व्यक्तीचा वा एका क्षणाचा नसून रेडिओ, दृश्य व क्ष-किरण अशा तिन्ही क्षेत्रांतील ज्ञान एकत्र आल्याचा परिणाम आहे. रेडिओ निरीक्षणांनी आवर्तकाल दिला नसता, तर अग्निबाणाच्या पाच मिनिटांच्या नोंदींत काय शोधावे हे कळणे दुष्कर झाले असते.

३) जून १९६७ च्या नोंदी दर्शवतात, की साधन प्रश्नाच्या आधी अस्तित्वात असू शकते. विज्ञान आणि इतिहास या दोन्ही शाखांत साधन जपणाऱ्याचे कार्य शोधकाच्या कार्याइतकेच मोलाचे आहे.

४) मूळ नोंदी जपणे ही संशोधनाची पूर्वअट आहे. आपल्या अनेक महाविद्यालयांत प्रयोगवह्या, हवामानाच्या नोंदी, सर्वेक्षणाचे मूळ तक्ते वर्ष संपताच रद्दीत जातात आणि केवळ अंतिम अहवाल उरतो. अहवालात फक्त आपण विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे असतात. पुढच्या पिढीच्या प्रश्नांची उत्तरे मूळ नोंदींतच राहतात. अशा नोंदींसाठी प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक कपाट आणि एक नोंदवही असावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

१०५४ मध्ये चिनी ज्योतिर्विदांनी आकाशात जे पाहिले, ते वेळ व स्थान यांसह लिहून ठेवले. न्यूट्रॉन तारा म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. १९६७ मध्ये टेक्सासच्या आकाशात बलून सोडणाऱ्यांनीही नेमके तेच केले. या दोन्ही नोंदी प्रामाणिकपणे केल्या गेल्या आणि जपल्या गेल्या, म्हणून क्रॅब अभ्रिकेचा इतिहास आज आपणास लिहिता येतो.